संदर्भाची शिस्त : मराठी वाङ्मयीन संशोधनातील पाठ, काळ आणि ऋण

१. प्रास्ताविक

संशोधनपर निबंध लिहून झाल्यावर शेवटी उरकावयाचे काम म्हणजे संदर्भ देणे, असा समज पदव्युत्तर वर्गांतून आणि काही अंशी प्राध्यापकवर्गातूनही रूढ झालेला दिसतो. विवेचन हे खरे संशोधन आणि तळटीपा हा त्याचा साज, अशी या समजामागील विभागणी असते. त्यामुळे संदर्भांची चर्चा झाली तरी ती स्वल्पविराम कोठे द्यावा, ग्रंथनाम ठळक करावे की अवतरणचिन्हात ठेवावे, प्रकाशनस्थळ आधी की प्रकाशक आधी, अशा तपशिलांपाशीच थांबते. हे तपशील आवश्यक आहेत. परंतु संदर्भाचा मूळ प्रश्न त्यांच्या आधी येतो. आपण जे विधान करतो ते नेमक्या कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा तपासता येईल काय, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला मराठीच्या अभ्यासात एक वेगळे वजन आहे. शिकागो विद्यापीठाची १९०६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली लेखनसंहिता, मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने १९२९ पासून विकसित केलेली एपीए पद्धती आणि आधुनिक भाषांच्या अभ्यासकांसाठी १९७७ पासून पुस्तकरूपाने उपलब्ध असलेली एमएलए पद्धती या आज जगभर वापरल्या जातात. आपल्या विद्यापीठांतूनही त्यांचा पुरस्कार होतो व तो योग्यच आहे. मात्र या पद्धती मुख्यतः मुद्रित, एकनामी आणि एककालीन ग्रंथ समोर ठेवून घडलेल्या आहेत. पोथ्यांतून आलेला पाठ, शकात दिलेला काळ, एकाच लेखकाची दोन-तीन नावे, मासिकातून क्रमशः आलेली कादंबरी आणि जात्यावर गायिलेली ओवी यांचा संदर्भ कसा द्यावा, याचे तयार उत्तर त्यांत मिळत नाही. ते आपणच आपल्या सामग्रीच्या आधारे शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने काही मुद्द्यांचा विचार केला आहे.

२. कोणता पाठ?

‘ज्ञानेश्वरी, अध्याय अमुक, ओवी तमुक’ एवढा निर्देश आपल्याकडे पुरेसा मानला जातो. कीर्तनकाराला तो पुरेसा आहे. संशोधकाला नाही.

ज्ञानेश्वरीची रचना परंपरेने शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची मानली जाते. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिचे शुद्धीकरण केले. आज वारकरी परंपरेत प्रचलित असलेल्या बहुतेक प्रती या एकनाथोत्तर पाठपरंपरेतील आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली आवृत्ती एकनाथपूर्व पोथीवर आधारलेली असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६० साली निघालेल्या शासकीय प्रतीने राजवाडे यांचा पाठ पायाभूत धरला. या आवृत्त्यांत शब्दरूपे भिन्न आहेत, काही ओव्या एकीत आहेत तर दुसरीत नाहीत, आणि परिणामी ओव्यांचे क्रमांकही जुळत नाहीत.

आता एखाद्या अभ्यासकाने तेराव्या शतकातील मराठीच्या विभक्तिप्रत्ययांवर निबंध लिहिला आणि उदाहरणे मात्र पाठाच्या प्रचलित प्रतीतून घेतली, तर काय होईल? त्याने तेराव्या शतकातील म्हणून पुढे केलेले रूप प्रत्यक्षात सोळाव्या शतकातील संस्करणाचे, किंवा त्यानंतरच्या एखाद्या लेखकूचे असू शकेल. त्याची विवेचनपद्धती कितीही निर्दोष असली तरी निष्कर्ष टिकणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याने आवृत्तीचा निर्देशच केला नसेल तर निष्कर्ष चुकला आहे हे कोणाला सिद्धही करता येणार नाही. आवृत्तीचा उल्लेख हा येथे ग्रंथसूचीचा उपचार राहत नाही. तो पुराव्याचाच भाग ठरतो.

तुकारामांच्या गाथेचेही असेच आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने संपादित केलेली गाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या संपादकांनी आधाराला घेतल्या होत्या. याच गाथेच्या पायावर १९५० साली शासकीय आवृत्ती निघाली. याशिवाय देहूची, सार्थ स्वरूपाची आणि निरनिराळ्या फडांतील अशा अनेक गाथा वापरात आहेत. अभंगांची एकूण संख्या, त्यांचा अनुक्रम आणि काही ठिकाणी चरणांचा पाठ यांत फरक आढळतो. त्यामुळे ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. २५००’ हा संदर्भ तीन वाचकांना तीन वेगळ्या अभंगांपाशी नेऊन सोडू शकतो.

लीळाचरित्राच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. म्हाइंभटांची मूळ प्रत नष्ट झाल्यावर तो ग्रंथ स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध झाला आणि त्यातून निरनिराळ्या पाठपरंपरा निर्माण झाल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांची संपादने आज अभ्यासकांच्या हाती आहेत. त्यांतील लीळांचे क्रमांक परस्परांशी जुळतीलच असे नाही. म्हणून लीळेचा निर्देश करताना एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध, लीळा क्रमांक आणि संपादकाचे नाव या तिन्ही गोष्टी दिल्या पाहिजेत. उदाहरणार्थ : म्हाइंभट, लीळाचरित्र, संपा. वि. भि. कोलते, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९७८, यापुढे भाग व लीळा क्रमांक. लीळेचे शीर्षक दिल्यास दुसरी आवृत्ती वापरणाऱ्या वाचकाचीही सोय होते.

यातून एक साधा नियम निघतो. प्राचीन ग्रंथाचा संदर्भ देताना ग्रंथांतर्गत स्थान (अध्याय-ओवी, अभंग, लीळा) आणि आवृत्ती या दोन्हींचा निर्देश करावा. केवळ पृष्ठक्रमांक दिल्यास दुसरी आवृत्ती असलेला वाचक अडतो. केवळ ओवीक्रमांक दिल्यास पाठ कोणता हे कळत नाही.

३. काळाचा निर्देश

आधुनिक संदर्भपद्धतींत लेखकाच्या नावापुढे कंसात वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांसाठी तो सोयीचा ठरतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांना तो जसाच्या तसा लावला तर विपरीत चित्र उभे राहते. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ मध्ये निघाले आणि १९९१ मध्ये य. दि. फडके यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. विद्यार्थी या शेवटच्या आवृत्तीतून अवतरण घेतो आणि निबंधात ‘फुले (१९९१)’ असे लिहितो. त्याच परिच्छेदात ‘डॉ. आंबेडकर (१९३६)’ असा निर्देश असेल, तर फुले आंबेडकरांच्या नंतरचे ठरतात! वाचकाला हे हास्यास्पद वाटेल, पण अपरिचित लेखकांच्या बाबतीत हीच चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष अशी दोन्ही वर्षे द्यावीत : फुले (१८७३/१९९१). १९६९ ची आणि १९९१ ची पृष्ठे सारखी नाहीत, त्यामुळे आवृत्तिवर्षाशिवाय पृष्ठक्रमांकाला अर्थ उरत नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे.

लेखनाचा काळ आणि प्रकाशनाचा काळ यांत मोठे अंतर असल्यास तीही नोंद आवश्यक असते. फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले, पण छापून येण्यास एकशेवीसहून अधिक वर्षे लागली. मराठी नाटकाच्या इतिहासात त्याचे स्थान निश्चित करताना ‘रचना’ आणि ‘प्रभाव’ यांत फरक करावा लागतो. आपल्या समकालीनांनी न वाचलेली संहिता त्यांच्यावर छाप कशी पाडणार? संदर्भात केवळ एकच वर्ष दिले तर हा प्रश्नच झाकला जातो.

शकाचे इसवी सनात रूपांतर करताना सरसकट ७८ मिळविण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे त्याचे शेवटचे सुमारे तीन महिने पुढील इसवी सनात जातात आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ ही तिथी १६७४ मध्ये येते, म्हणजे येथे ७८ चा हिशेब बरोबर बसतो. परंतु शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही तिथी फेब्रुवारी १६३० मधील आहे. येथे ७८ मिळविले तर १६२९ हे चुकीचे वर्ष हाती येते. कागदपत्रांत शुहूर सन असल्यास सामान्यतः ५९९ अथवा ६०० आणि फसली सन असल्यास ५९० अथवा ५९१ मिळवावे लागतात. ही वर्षे जूनच्या आसपास बदलतात. म्हणून मुळात दिलेली कालगणना संदर्भात जशीच्या तशी ठेवावी आणि आपण केलेले रूपांतर चौकोनी कंसात द्यावे. आपले गणित चुकले तरी मूळ पुरावा वाचकापुढे शाबूत राहतो.

४. नावांचा गुंता

आडनाव आधी आणि नाव नंतर ही अकारविल्हे सूचीची सर्वमान्य रीत आहे. ज्ञानेश्वर, चक्रधर, नामदेव यांना ती लागू पडत नाही. त्यांची नोंद प्रसिद्ध नावाखालीच करावी. परंतु प्रसिद्ध नावानेही ओळख पुरती पटत नाही, अशी उदाहरणे आहेत. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ‘बहिणाबाई’ एवढेच लिहिले तर तुकारामांच्या शिष्या, सतराव्या शतकातील संत बहिणाबाई की खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१), हे समजत नाही. वारकरी संप्रदायाच्या इमारतीचे रूपक असलेला प्रसिद्ध अभंग संत बहिणाबाईंच्या नावावर आहे, तरी तो कित्येक लेखांतून तुकारामांचा म्हणून दिलेला आढळतो. ज्याने गाथा उघडून पाहिली नाही, त्याच्याच हातून हे होते.

आधुनिक काळात टोपणनावांचा प्रश्न येतो. चिं. त्र्यं. खानोलकर यांची कादंबरी त्यांच्या नावाने आणि कविता ‘आरती प्रभू’ या नावाने आहे. राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदात ‘बाळकराम’ आहेत. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आला. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचे मालतीबाई बेडेकर. हे पुस्तक सूचीत बेडेकर या नावाखाली दडविले तर एका स्त्रीला त्या काळी टोपणनाव का घ्यावे लागले, हा वाङ्मयेतिहासाचा महत्त्वाचा प्रश्नही दडतो. शिरूरकर या नावाखालीच ठेवून थांबलो तर त्यांच्या इतर लेखनाशी असलेला संबंध तुटतो. यावर उपाय असा की, ग्रंथावर छापलेल्या नावाखाली मुख्य नोंद करावी, चौकोनी कंसात मूळ नाव द्यावे आणि मूळ नावाखाली ‘पाहा’ अशी उलटनोंद द्यावी.

आद्याक्षरांचाही घोटाळा होतो. वि. का. राजवाडे आणि त्यांचे बंधू वै. का. राजवाडे हे दोघेही विद्वान. एका मात्रेच्या मुद्रणदोषाने एकाचे कर्तृत्व दुसऱ्याकडे जाते. सूचीत शक्य तेथे पूर्ण नाव द्यावे, हे बरे.

५. अवतरण आणि लेखनपद्धती

अवतरण शब्दशः असले पाहिजे, हे सर्वांना मान्य असते. परंतु ‘शब्दशः’ याचा अर्थ आपण सैलपणे घेतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात अनुच्चारित अनुस्वार असत. आज विद्यार्थी ‘निबंधमाले’तील उतारा टंकलिखित करताना ते सर्व अनुस्वार गाळून टाकतो आणि आपण केवळ लेखन अद्ययावत केले असे समजतो.

त्या अनुस्वारांना व्याकरणिक मूल्य होते. ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘केले’ हे पुंलिंगी अनेकवचन. अनुस्वार गेला की हा भेदही गेला. ‘घरीं’ यातील सप्तमीची खूण तशीच पुसली जाते. भाषाविषयक निबंधात असा उतारा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. वाङ्मयविषयक निबंधातही तो मूळ संहितेशी प्रामाणिक राहत नाही. म्हणून अवतरणातील लेखन मुळाबरहुकूम ठेवावे. विशेष कारणास्तव बदल केलाच, तर तसे तळटीपेत सांगावे. मुळातील उघड मुद्रणदोष तसाच ठेवून चौकोनी कंसात ‘[मुळाप्रमाणे]’ असे लिहावे. गाळलेल्या भागासाठी टिंबे द्यावीत आणि गाळल्यामुळे वाक्याचा कल बदलत नाही ना, हे पुन्हा वाचून पाहावे. ‘अर्थात’, ‘तरी’, ‘परंतु’ यांनी सुरू होणारा उत्तरार्ध गाळून समीक्षकाच्या तोंडी त्याचे नसलेले मत घालण्याचा प्रकार आपल्या वादविवादांत विरळा नाही.

६. उसना संदर्भ

आपण वाचलेल्या ग्रंथाचाच संदर्भ द्यावा, हा नियम सर्वांत साधा आणि सर्वाधिक मोडला जाणारा आहे. एखाद्या अलीकडच्या ग्रंथात राजवाड्यांचे अवतरण असते. विद्यार्थी ते उचलतो, सोबत तेथील तळटीपही उचलतो, आणि आपल्या निबंधात ‘राजवाडे, पृ. अमुक’ असा निर्देश करतो. मधला ग्रंथकार अदृश्य होतो. त्याने अवतरणात काही गाळले असेल, पृष्ठक्रमांक चुकवला असेल, तर ती चूक आता विद्यार्थ्याच्या सहीने पुढे जाते. पुढचा अभ्यासक विद्यार्थ्याच्या प्रबंधातून तीच उचलतो. अशा रीतीने तीन-चार प्रबंधांत एकच अशुद्ध अवतरण आले की, ते चार स्वतंत्र साक्षीदारांनी सांगितल्यासारखे भासते. वस्तुतः साक्षीदार एकच असतो आणि तोही कच्चा.

मूळ ग्रंथ मिळत नसेल तर दुय्यम साधनातून अवतरण घेण्यास हरकत नाही. मात्र ‘उद्धृत’ हा शब्द योजून मधल्या ग्रंथाचा पूर्ण निर्देश करावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिवाय मूळ ग्रंथ मिळत नाही, हे विधान शोध घेतल्यावरच करावे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून ठेवली आहे. ती उघडून पाहण्याची सवय अजूनही मार्गदर्शकांनी लावली पाहिजे. आज अनेक जुने ग्रंथ प्रतिमारूपाने संगणकावर वाचता येतात. अशा प्रतीचा उपयोग केल्यास ती कोणत्या आवृत्तीची प्रतिमा आहे आणि ती कोणत्या संग्रहातून पाहिली, या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात. केवळ संकेतस्थळाचा पत्ता हा संदर्भ नव्हे. पत्ते बदलतात, ग्रंथाचे मुखपृष्ठ बदलत नाही.

७. नियतकालिके, कागदपत्रे आणि मौखिक सामग्री

मराठी गद्य मोठ्या प्रमाणावर नियतकालिकांतून वाढले. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये, ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये, ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू झाले. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी प्रथम ‘करमणूक’मधून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. वाचकांच्या प्रतिसादाचा किंवा कथानकाच्या बांधणीचा विचार करावयाचा असेल तर साप्ताहिकातील पाठ पाहिला पाहिजे आणि संदर्भही त्याचाच दिला पाहिजे. नियतकालिकाच्या संदर्भात लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना व साल आणि पृष्ठे यावीत. ‘निबंधमाले’चे अंक एकूण चौऱ्याऐंशी. तेथे अंकाचा क्रमांक हीच खरी खूण होय, कारण पुस्तकरूप आवृत्त्यांची पृष्ठे निरनिराळी आहेत.

अप्रकाशित मोडी कागदांच्या बाबतीत संस्थेचे नाव, दफ्तर, रुमाल व कागदाचा क्रमांक दिल्याविना संदर्भ पूर्ण होत नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड किंवा राजवाड्यांनी संपादित केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांतून पत्र घेतल्यास खंड आणि लेखांक द्यावा. मूळ कागद न पाहता मूळ दफ्तराचा निर्देश करू नये.

मौखिक सामग्रीचा संदर्भ हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांतून ओव्या आहेत, संग्राहकाचे नाव आहे, पण गाणारीचे नाव बहुधा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि तेथे गायिकेचे व गावाचे नाव नोंदविण्याची रीत आहे. क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हा आदर्श ठेवावा. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, गाव, दिनांक, ध्वनिमुद्रण कोणी केले व ते कोठे ठेवले आहे, एवढे तरी नोंदवावे. ज्या बाईने ओवी दिली तिला ‘एक निरक्षर स्त्री’ म्हणून मोकळे होणे आणि एखाद्या समीक्षकाच्या अर्ध्या वाक्यासाठी पाच ओळींची तळटीप देणे, यात ऋणाची वाटणी न्याय्य होत नाही.

८. तळटीप आणि सूची

तळटीप पृष्ठाच्या पायाशी असावी की प्रकरणाच्या शेवटी, लेखक-वर्ष ही पद्धती घ्यावी की क्रमांकांची, याविषयी विद्यापीठाचा अथवा नियतकालिकाचा नियम पाळावा. कोणतीही एक पद्धती आरंभापासून अखेरपर्यंत सारखी पाळणे महत्त्वाचे. ‘तत्रैव’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ यांविषयी मात्र सावध राहावे. संगणकावर मजकूर मागेपुढे होतो, मध्ये नवी टीप येते, आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. शिकागो संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीनेही अशा शब्दाऐवजी लेखकाचे आडनाव व संक्षिप्त शीर्षक यांना पसंती दिली आहे. मराठीत ‘तुळपुळे, लीळाचरित्र, पृ. अमुक’ असा छोटा निर्देश करण्याने फारशी जागा जात नाही आणि गोंधळ टळतो.

सूचीत जे ग्रंथ प्रत्यक्ष उपयोगात आले तेच असावेत. मूलसाधने, समीक्षाग्रंथ, नियतकालिके, कोश, अप्रकाशित प्रबंध असे विभाग केल्यास वाचकाला अभ्यासाचा पाया दिसतो. दोनशे ग्रंथांची सूची आणि तळटीपांत त्यांपैकी चाळीसच ग्रंथ, अशी विसंगती परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

९. वाङ्मयचौर्य आणि टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची मनाई आहे आणि साठ टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. या तरतुदींचा धाक आवश्यक होता, यात शंका नाही.

परंतु त्यामुळे एक नवा भ्रम निर्माण झाला आहे. साम्य दहा टक्क्यांच्या आत आले की निबंध प्रामाणिक झाला, असे मानले जाऊ लागले आहे. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, विचारांचे नाही. दुसऱ्याची मांडणी आपल्या शब्दांत लिहिली, इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो आपला म्हणून दिला, किंवा युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलेल्या जुन्या प्रबंधातून मजकूर घेतला, तर बहुधा यंत्र काही बोलणार नाही. याउलट मध्ययुगीन ग्रंथावरील निबंधात अवतरणे अधिक असणे स्वाभाविक आहे. ती कमी करण्यासाठी ओवीऐवजी तिचा सैल भावार्थ देण्याचा सल्ला विद्यार्थ्याला मिळू लागला, तर पुरावाच निबंधातून हद्दपार होईल. नियमांनी वगळलेल्या अवतरणांना घाबरून ती गाळणे हे नियमांचेही आकलन नव्हे.

१०. समारोप

संदर्भाने काय साधते, याचे मराठीतील एक उदाहरण नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात, १८८५ मध्ये, त्याची बाजू घेतली. त्यानंतर हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसा झाला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला, आणि आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. मधल्या नव्वद वर्षांत तो ग्रंथ कोणी खंडित केला नव्हता. त्याचा कोणी निर्देश केला नव्हता, एवढेच. म्हणून आज ताराबाईंचे अवतरण घेणाऱ्याने १८८२ हे वर्षही द्यावे आणि मालशे यांचे नावही द्यावे. एक लेखिकेचे देणे आहे, दुसरे संशोधकाचे.

अध्यापकांसाठी एक सूचना करून हे विवेचन संपवितो. प्रबंधाचे प्रकरण हाती आले म्हणजे त्यातील कोणत्याही पाच तळटीपा निवडाव्यात आणि त्यांतील मूळ ग्रंथ ग्रंथालयातून आणून नेमके पृष्ठ उघडून दाखविण्यास विद्यार्थ्याला सांगावे. पाचही पृष्ठे उघडली, मजकूर जुळला, तर प्रकरण वाचावयास घ्यावे. एखादे उघडले नाही, तर ते का उघडले नाही याची चर्चा आधी करावी. याला अर्धा दिवस लागतो. पण त्या अर्ध्या दिवसात विद्यार्थी पाठ, आवृत्ती, काळ आणि ऋण यांविषयी जे शिकतो, ते संदर्भपद्धतीच्या कोणत्याही पुस्तिकेतून त्याला मिळणार नाही.